भांडती सभा चालवण्याची रीत

सभा बिघडली की दोष दोन-चार माणसांच्या माथी मारला जातो. एक जण माइक सोडत नाही, दुसरा पाच वर्षांपूर्वीचे प्रकरण उकरून काढतो, तिसरा प्रत्येक खर्चावर हरकत घेतो. गृहनिर्माण संस्था असो, ग्रामसभा असो, देवस्थानचे विश्वस्त मंडळ असो की शाळेतली पालकसभा, अशी माणसे सगळीकडे असतात आणि पुढेही असणारच. तरीही काही सभा कडाक्याच्या वादानंतर ठरावापर्यंत पोहोचतात, तर काही गोंधळातच संपतात. हा फरक माणसांच्या स्वभावापेक्षा सभेच्या रीतीमुळे पडतो. हट्टी माणसाच्या हरकतीला ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि लेखी नोंद मिळाली की तिचा निकाल लावता येतो. तसे झाले नाही तर तीच हरकत दर विषयात डोके वर काढते.

उलट, बिनबोभाट पार पडलेली सभा चांगलीच झाली असे मानण्याचेही कारण नाही. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात दहा मिनिटांत उरकलेल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा महाराष्ट्राला नव्या नाहीत. तिथे प्रश्न सुटत नाहीत, फक्त पुढच्या वर्षावर जातात.

नियम आले कुठून

सभाशास्त्रातले सर्वांत गाजलेले इंग्रजी पुस्तक एका फसलेल्या सभेतून जन्माला आले. १८६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्ड येथे हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्यावर एका चर्चमधील सभेचे अध्यक्षपद अचानक येऊन पडले. सभा कशी चालवायची याची त्याला काहीच माहिती नव्हती आणि सभा हाताबाहेर गेली. पुढे नोकरीनिमित्त तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक आलेले होते आणि प्रत्येक जण आपापल्या गावची सभेची पद्धतच खरी मानत होता. त्यामुळे मूळ विषय बाजूला राहून पद्धतीवरच वाद होत. या अनुभवातून १८७६ मध्ये ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यातले मुख्य नियम थोडेच आहेत. एका वेळी एकच प्रश्न सभेपुढे असावा. बोलण्याआधी अध्यक्षांची परवानगी घ्यावी. ज्यांना बोलायचे आहे त्या सर्वांची एक पाळी झाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा संधी मिळू नये. बोलणे अध्यक्षांना उद्देशून असावे आणि समोरच्याच्या हेतूवर शंका घेऊ नये. शेवटचा नियम वरवर शिष्टाचाराचा वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा असतो. दोन शेजारी एकमेकांकडे बोट दाखवून बोलू लागले की वाद त्यांच्या घरापर्यंत जातो. दोघेही अध्यक्षांकडे पाहून बोलले तर तोच वाद विषयापुरता राहतो.

भारतात ही शिस्त मुख्यतः ब्रिटिश संसदेच्या परंपरेतून आली. ‘हरकतीचा मुद्दा’, ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘सभा तहकूब’ हे शब्द विधिमंडळातून निघून गल्लीतल्या गणेश मंडळापर्यंत पोहोचले. मतभेद असलेल्या समूहाने शिस्तीत काम केल्याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण म्हणजे संविधान सभा. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ दुरुस्त्या सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशा सतत विरोधी सूर लावणाऱ्या सदस्यांचा नावे घेऊन कृतज्ञतेने उल्लेख केला. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, तरी त्यामुळे त्या सूचनांचे मोल कमी होत नाही आणि हे सदस्य नसते तर घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विरोधकाला विरोधक म्हणूनच उपयोगी मानण्याची ही दृष्टी सभा चालवणाऱ्याला फार कामाची आहे.

गट हट्टाला का पेटतो

महाराष्ट्रातल्या शहरी माणसाला अशा सभेचा अनुभव बहुतेक गृहनिर्माण संस्थेत येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या रविवारी सकाळी सोसायट्यांच्या आवारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. या सभेची रचनाच वादाला पोषक असते. इथे कोणी कोणाचा साहेब नसतो. घर छोटे असो की मोठे, एका सभासदाला एकच मत. कार्यालयातल्या बैठकीत वरिष्ठाने शेवटचा शब्द उच्चारला की विषय संपतो. इथे तसा शब्द कोणाकडेच नसतो. शिवाय भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टमध्ये भेटायचे असते, त्यामुळे काही जण अतिरेकी बोलतात आणि बरेच जण काहीच बोलत नाहीत.

हट्टामागची कारणे साधारण ठरलेली असतात. पहिले कारण म्हणजे न नोंदलेली जुनी तक्रार. छताच्या गळतीबद्दल तीन पत्रे देऊनही उत्तर न मिळालेला सभासद हिशेबाच्या विषयातही गळतीबद्दलच बोलणार. दुसरे कारण माहितीतली तफावत. समितीला सगळे कागद ठाऊक असतात आणि सभासदांना ते त्याच दिवशी दिसतात; मग प्रत्येक आकडा संशयास्पद वाटतो. तिसरे कारण म्हणजे निर्णय आधीच झाला आहे आणि सभा केवळ देखावा आहे ही भावना. चौथे कारण मानाचे. संस्था उभी करताना खस्ता खाल्लेल्या ज्येष्ठ सभासदाला नव्या समितीने साधे विचारलेही नाही, तर त्याचा विरोध ठरावाला नसून डावलले जाण्याला असतो. या चारांपैकी नेमके कोणते कारण आहे हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. तक्रारीला नोंद लागते, संशयाला कागद लागतात, डावललेल्याला विचारणा लागते.

अर्धी सभा आधीच होते

गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. हा काळ केवळ तारीख कळवण्यासाठी नाही. ताळेबंद, लेखापरीक्षकाचा अहवाल, दुरुस्तीची दरपत्रके नोटिशीसोबत दिली की आकडे वाचणारे सभासद प्रश्न घेऊन येतात आणि आरोप कमी होतात. लेखी प्रश्न आधी मागवणेही उपयोगी ठरते. निवृत्त बँक अधिकाऱ्याचे अकरा प्रश्न तीन दिवस आधी हातात पडले, तर कोषाध्यक्ष त्यांची उत्तरे टाइप करून वाटू शकतो. सभेत मग दोनच प्रश्न उरतात, आणि बहुधा तेच महत्त्वाचे असतात.

विषयपत्रिकेची भाषा हा दुर्लक्षित पण निर्णायक भाग आहे. ‘पार्किंगबाबत चर्चा’ असा विषय लिहिला की सभेत बाहेरच्या गाड्या, रखवालदाराची झोप, पाहुण्यांच्या दुचाक्या आणि बिल्डरने दिलेली आश्वासने असे सगळे येते. दीड तासाने कोणी तरी ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणतो. त्याऐवजी ‘आवारातील चौदा जागांचे वाटप दरवर्षी सोडत काढून करावे किंवा कसे, याबाबत निर्णय घेणे’ असे लिहिले तर बोलणाऱ्याला विषयाची हद्द आधीच कळते. हद्दीबाहेर गेलेल्याला थांबवताना अध्यक्षांना स्वतःचा अधिकार वापरावा लागत नाही. सर्वांच्या हातातली विषयपत्रिका ते काम करते. विषयांचा क्रमही विचारपूर्वक लावावा लागतो. सर्वांत तापणारा विषय पहिलाच घेतला तर बाकीची सभा त्याच तापात जाते. शेवटी ठेवला तर लोक उठून गेलेले असतात आणि ‘मुद्दाम शेवटी ठेवला’ असा आरोप होतो. दोन सोप्या विषयांनंतर, सभा भरलेली असताना तो घेणे बरे.

ज्यांचा विरोध अपेक्षित आहे त्यांना सभेआधी स्वतंत्रपणे भेटणे, याला काही जण लॉबिंग म्हणून नाके मुरडतात. भेटीचा हेतू मत वळवण्याचा असेल तर तो आक्षेप रास्तच आहे. पण ‘या विषयावर तुमची हरकत काय आहे, ती सभेत कधी आणि किती वेळ मांडाल’ एवढेच विचारायला गेलेला अध्यक्ष सौदा करत नसतो, तो सभेची आखणी करत असतो. चार माणसांपुढे माघार घेणे कठीण असते. चहाच्या टेबलावर तीच गोष्ट सोपी होते.

पहिली दहा मिनिटे

सभा सुरू होताना पहिला प्रश्न गणपूर्तीचा. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद हजर हवेत. अर्ध्या तासात ते जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणूनच अनेक नोटिशींच्या तळाशी ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल’ ही ओळ आधीच छापलेली असते. कायद्याने हे चालते. पण वादग्रस्त विषय मूठभरांच्या तहकूब सभेत मंजूर केला की वर्षभर त्याची किंमत मोजावी लागते. अशा वेळी किरकोळ विषय उरकून मोठा विषय भरलेल्या सभेसाठी राखून ठेवणारा अध्यक्ष शहाणा.

दुसरे काम नियम सांगण्याचे. प्रत्येकाला एका विषयावर तीन मिनिटे, सर्वांची पाळी झाल्यावरच दुसरी संधी, बोलणे अध्यक्षांना उद्देशून, आणि ठरलेल्या वेळी सभा समाप्त. हे नियम अध्यक्षांनी फर्मावण्याऐवजी सभेसमोर ठेवून मंजूर करून घ्यावेत. वाद पेटण्याआधी सगळेच समंजस असतात. तीन मिनिटांच्या मर्यादेला तेव्हा कोणी विरोध करत नाही. पुढे कोणाला थांबवण्याची वेळ आली की अध्यक्ष ‘मी सांगतो म्हणून थांबा’ असे न म्हणता ‘सभेने ठरवलेली वेळ संपली’ असे म्हणू शकतात. घड्याळ पाहण्याचे काम समितीबाहेरच्या आणि शक्यतो विरोधी गटातल्या एखाद्या सभासदाकडे द्यावे. वेळ आपल्याच माणसाने मोजली की पक्षपाताची तक्रार उरत नाही.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा विषय सहसा घाईत उरकला जातो. भांडत्या सभेत मात्र तो नीट घेतल्यास बराच धूर तिथेच निघून जातो. मागच्या वर्षी जे ठरले त्यातले काय झाले, काय राहिले आणि का राहिले, हे समितीने स्वतःहून सांगितले की विरोधकाच्या हातातला निम्मा मुद्दा संपतो.

भूमिका आणि गरज

१९८१ मध्ये रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकाने वाटाघाटींच्या अभ्यासात एक भेद रूढ केला: माणूस जे मागतो ती त्याची भूमिका आणि ज्यासाठी मागतो ती त्याची गरज. भूमिका एकमेकींवर आदळतात, गरजांना पुष्कळदा एकत्र जागा सापडते.

पार्किंगच्या सोडतीचा विषय पुढे नेऊन पाहू. पहिल्या मजल्यावरचे एक काका उठून सांगतात, “प्रवेशद्वाराजवळची जागा बारा वर्षे माझी आहे. सोडत-बिडत मला मान्य नाही.” अननुभवी अध्यक्ष इथे कायदा काढतो, काका आवाज चढवतात आणि दोन्ही बाजूंचे लोक उभे राहतात. अनुभवी अध्यक्ष विचारतो, “काका, तीच जागा का लागते?” उत्तर येते, “आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. व्हीलचेअर गाडीपर्यंत यायला हवी.” अध्यक्ष फळ्यावर लिहितो: ‘व्हीलचेअरसाठी प्रवेशद्वाराजवळ जागा’. आता सभेपुढचा प्रश्न बदलतो. बारा वर्षांचा हक्क मान्य करायचा की नाही, हे बाजूला राहते. आजारी व अपंग रहिवाशांसाठी एखादी जागा सोडतीतून वगळायची का, यावर चर्चा सुरू होते आणि त्यावर बहुतेकांचे एकमत होते. उरलेल्या तेरा जागांची सोडत मग काकाच अनुमोदतात.

यात तीन गोष्टी घडल्या. ‘का’ हा प्रश्न आरोपाच्या सुरात आला नाही. उत्तर बोलणाऱ्याच्या शब्दांत सर्वांना दिसेल असे लिहिले गेले. आणि वैयक्तिक मागणीचे रूपांतर सर्वांना लागू होईल अशा नियमात झाले. फळा, मोठा कागद किंवा भिंतीवर टाकलेला प्रोजेक्टर या साध्या साधनाचे महत्त्व इथे कळते. आपला मुद्दा लिहिलेला दिसला की माणूस तो पुन्हा पुन्हा सांगत नाही.

नमुने आणि त्यांवरचे उपाय

बोलणे न थांबवणाऱ्याला अडवण्यापेक्षा त्याच्या बोलण्याचा सारांश सांगणे अधिक परिणामकारक ठरते. “तुमचे दोन मुद्दे आहेत: कंत्राटदार निविदा न मागवता नेमला आणि काम उशिरा झाले. बरोबर?” माणूस ‘हो’ म्हणतो आणि तिथे त्याचे वाक्य पूर्ण होते. सारांश चुकला तर तो दुरुस्त करतो. तरीही बोलणे मुद्द्यावर येते.

जुना विषय उकरून काढणाऱ्यासाठी वेगळा कागद ठेवावा. विषयपत्रिकेत नसलेला मुद्दा त्यावर नावासह लिहायचा आणि सभा संपण्यापूर्वी प्रत्येक मुद्द्याचे पुढे काय होणार ते सांगायचे: समितीच्या बैठकीत, पुढच्या सभेत, की लेखी उत्तराने. हा कागद शेवटी वाचलाच गेला नाही तर पुढच्या वेळी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गेल्याच सभेत झालेला निर्णय फिरवण्याचा प्रयत्न होत असेल तर आदर्श उपविधींचा आधार आहे: सर्वसाधारण सभेने केलेला ठराव सहा महिने झाल्याशिवाय रद्द करण्यासाठी आणता येत नाही. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ यांनाही मर्यादा आहे. ज्या विषयासाठी रीतसर नोटीस लागते तो या फटीतून आत आणता येत नाही.

गटाने येणाऱ्यांचे तंत्र निराळे असते. आठ-दहा जण एकत्र बसतात आणि एकाच वेळी बोलतात. बैठकीची मांडणी इथे कामी येते. समोरासमोरच्या दोन रांगा भांडणाला आमंत्रण देतात; अर्धवर्तुळात सर्वांची तोंडे फळ्याकडे राहतात. गटाला आपला प्रवक्ता निवडायला सांगून त्याला थोडा जास्त वेळ दिला तर गटाचा मान राहतो आणि आवाजही एकच होतो. मागणीत दम असेल आणि समिती ऐकत नसेल तर या गटाला रीतसर मार्गही आहे. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की समितीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. हे अध्यक्षांनी स्वतः सांगितले तर आरडाओरड्याचे प्रयोजन उरत नाही.

आवाज फारच चढले तर आणखी मोठ्या आवाजात ‘शांत बसा’ म्हणण्यात अर्थ नसतो. दहा मिनिटांची चहाची सुट्टी जाहीर करणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. उभे राहिलेले लोक पांगतात, कडक बोलणारे दोघे बाजूला भेटतात, आणि सभा पुन्हा बसते तेव्हा सूर उतरलेला असतो. शिवीगाळ किंवा धक्काबुक्की झाली तर मात्र सभा तहकूब करून तशी नोंद करणे हाच मार्ग.

जे बोलत नाहीत त्यांचे काय

भांडत्या सभेत खरे नुकसान गप्प बसणाऱ्यांचे होते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. वेगवेगळ्या लांबीच्या रेषा दाखवून त्यांतली दिलेल्या रेषेइतकी कोणती, हा अगदी सोपा प्रश्न विचारला जाई. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वेळा प्रयोगातला खरा सहभागी डोळ्यांनी दिसत असूनही बहुमताच्या चुकीमागे गेला. पण खोलीतल्या एकानेही वेगळे, बरोबर उत्तर दिले की हे प्रमाण एकदम घसरले. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले तरीही ते घटले.

याचे दोन अर्थ सभेला लागू होतात. एक, उघड विरोध करणारा माणूस इतरांच्या मनातल्या शंकेला वाट करून देतो. त्याला गप्प केले तर शंका जात नाही, फक्त दिसेनाशी होते. दुसरा, महत्त्वाच्या विषयावर चर्चेआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपले मत किंवा काळजी लिहून द्यावी आणि त्या चिठ्ठ्या नाव न घेता वाचाव्यात. दोन मोठ्या आवाजांमागे दहा वेगळी मते होती, हे तेव्हा कळते.

ग्रामसभेच्या कायद्यात हाच विचार वेगळ्या रूपात दिसतो. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. चावडीवर पुरुषांच्या गर्दीत न बोलणाऱ्या बाया आपसांत पाण्याबद्दल, दारूबद्दल, शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल मोकळेपणाने बोलतात आणि तिथला ठराव मुख्य सभेपुढे जातो. ही सभा कागदोपत्री न ठेवता खरोखर घेतली तर ग्रामसभेचे विषयच बदलतात.

निर्णय: एकमत की बहुमत

चर्चा कशी संपणार हे आधी ठरलेले नसेल तर ती संपत नाही. बहुमताचा मार्ग जलद आहे. मते समसमान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत देता येते. पण एकावन्न जणांनी एकोणपन्नास जणांना हरवले की ते एकोणपन्नास जण अंमलबजावणीत पाय ओढतात. एकमताचा मार्ग संथ, मात्र टिकाऊ. त्यात धोका असा की एकच अडून बसलेला माणूस सगळ्यांना वेठीस धरू शकतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने या पेचावर काढलेली वाट अभ्यासण्याजोगी आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांतून तिथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजली. गावात अभ्यास गट आणि ग्रामसभा ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. अभ्यास गटात माहिती गोळा होते, बाहेरचे जाणकार बोलावले जातात, उलटसुलट चर्चा होते. तिथे निर्णय घ्यायचा नसतो. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांची संमती झाल्यावरच. सहमती झाली नाही तर विषय थांबतो, पुन्हा अभ्यासाला जातो. निर्णयाचा दबाव नसल्यामुळे अभ्यास गटात माणसाला आपले मत बदलता येते आणि त्यात हार-जीत वाटत नाही. याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. इतक्या मोठ्या कारभाराचे निर्णय सहमतीने होऊ शकतात, हे त्यातून दिसले.

शहरी सोसायटीला ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही; पण चर्चेची सभा आणि निर्णयाची सभा वेगळी ठेवणे सहज जमते. पुनर्विकासात तर ते जवळपास अपरिहार्यच आहे. घर पाडून नवे बांधायचे म्हणजे आयुष्यभराची कमाई पणाला लागते, आणि अशा वेळी हट्ट हा सावधपणाचाच भाग असतो. राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी काढलेले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारलेले निर्देश यासाठीच आहेत. एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, विकासक निवडीच्या सभेत सहकारी संस्था निबंधकांचा प्रतिनिधी आणि सभेचे व्हिडिओ चित्रीकरण या अटींचा उद्देश नंतरचे वाद टाळणे हा आहे. व्यवहारात ज्या संस्था आधी दोन-तीन माहितीसभा घेतात, वास्तुविशारदाला सर्वांसमोर प्रश्न विचारू देतात आणि मतदानाला नंतरची तारीख ठेवतात, त्यांच्या निर्णयाच्या सभेत आरडाओरडा कमी होतो, कारण ओरडण्यासारखे बरेचसे आधीच बोलून झालेले असते.

मतदान घ्यायचेच तर ठराव शब्दशः वाचून दाखवावा, सूचक-अनुमोदकांची नावे सांगावीत आणि बाजूने, विरोधात, तटस्थ असे तिन्ही आकडे मोजावेत. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत हात वर करणे अवघड असेल अशा विषयांवर गुप्त मतदान सुचवणे योग्य.

इतिवृत्त आणि त्यानंतर

सभेचा खरा शेवट इतिवृत्तात होतो. आदर्श उपविधींप्रमाणे सभेनंतर इतिवृत्ताचा मसुदा सभासदांकडे जायला हवा, आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्यांना त्यावर आपले म्हणणे कळवता येते. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव मंजूर’ हे नेहमीचे वाक्य भांडत्या गटात कमी पडते. कोणी कोणत्या कारणासाठी विरोध नोंदवला, हे एका ओळीत लिहिले तरी पुरते. विरोधकाला आपले कारण कागदावर सापडले की न्यायालयात जाण्याची निकड कमी होते. शिवाय प्रत्येक ठरावापुढे काम कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहिले नसेल तर पुढच्या सप्टेंबरात तीच सभा पुन्हा होते. मोबाइलवर होणाऱ्या चोरट्या रेकॉर्डिंगवरून वाद घालण्यापेक्षा सर्वांना सांगून संस्थेनेच अधिकृत रेकॉर्डिंग करणे सोयीचे.

या रीतीला मर्यादाही आहेत. ज्याचा स्वतःचा हितसंबंध विषयात गुंतलेला आहे त्याने त्या विषयापुरती अध्यक्षाची खुर्ची सोडावी; तो तिथेच बसून राहिला तर कितीही नियम लावले तरी ते पक्षपातीच वाटतात. काही मोठ्या संस्था वादग्रस्त सभेसाठी बाहेरचा तटस्थ सूत्रधार बोलावतात, तो याचसाठी. हिशेबात खरीच अफरातफर असेल तर गोड सूत्रसंचालनाने ती झाकता येत नाही आणि झाकूही नये. तिथे लेखापरीक्षण आणि निबंधक हेच मार्ग. सभेच्या कामकाजाविषयीचे वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतात. बाकी बहुतेक भांडणे मात्र तितक्या थराला जात नाहीत. कागद वेळेवर दिले, विषय नेमके लिहिले, बोलण्याची पाळी पाळली आणि विरोध जसाच्या तसा नोंदवला, तर हट्टी सभासदांसकट सभा चालते. ठराव विरोधात गेला तरी आपले ऐकून घेतले गेले, हे मान्य करून लोक पुढच्या वर्षीही सभेला येतात.